पाणी वरून नाही, खालून येतं

सायकलच्या चामड्याच्या सीटवर पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी चढवली की काम झालं, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर रस्त्यावरचं पाणी आणि चिखल थेट सीटच्या पोटावर उडतो, आणि तिथली बाजू खरखरीत, पॉलिश न केलेली असल्याने टिपकागदासारखी पाणी शोषते. ओल्या चामड्यावर बसून तासन्‌तास चालवलं की ते ताणलं जातं आणि मधे झोळ येतो, तो पुढे कायमचा. म्हणून आधी लांब मडगार्ड, मग पिशवी. चामड्याचं मेण खालूनही लावा. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने अजिबात नाही. आणि घरी आल्यावर पिशवी काढा, नाहीतर कोकणातल्या दमट हवेत पांढरी बुरशी धरते.

सीटच्या पुढच्या टोकाखालचा, चामडं ताणणारा नट दर महिन्याला आवळायचा इथला सल्ला मात्र पटला नाही. चामडं खरंच सैल पडलं तरच पाव फेरा, बस्स. ब्रुक्स कंपनीची बी१७ ही चामड्याची सीट अर्धा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे अशा सीट जड असतात ही तक्रार मान्य. पण लांबच्या राइडला आपल्या बसायच्या हाडांच्या मापाने बसलेल्या चामड्याच्या सीटचं सुख जेलच्या गादीत मला कधीच मिळालं नाही.