नाट्यगृहातील बार आणि उपाहारगृहाचे नूतनीकरण चालू असताना प्रेक्षक म्हणून आलेले अनुभव

उत्तररंग

काल काढलेल्या तिकिटासोबत एक सूचना आली, की नूतनीकरणामुळे नाट्यगृहातील बार आणि उपाहारगृह काही महिने बंद राहतील आणि प्रेक्षकांनी सहकार्य करावे. ती वाचताना बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक प्रयोग आठवला. त्या नाट्यगृहात पहिल्या मजल्यावरचे उपाहारगृह पाडून नव्याने बांधायचे काम चालू होते आणि आम्ही दारात पोहोचेपर्यंत कोणी त्याची कल्पनाही दिली नव्हती. दुसऱ्या अंकात आई आणि मुलगी समोरासमोर येतात, दोघींपैकी कोणीच बोलत नाही आणि त्या शांततेवरच पुढचा सगळा प्रवेश उभा असतो. नेमक्या त्याच क्षणी भिंतीतून ड्रिलची घरघर सुरू झाली. आईची भूमिका करणारी अभिनेत्री आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. आवाज थांबला, पण तोवर प्रेक्षकांच्या माना वर वळल्या होत्या आणि तो प्रवेश पुन्हा सावरला नाही.

मध्यंतरात बसायला जागाच नव्हती, त्यामुळे ज्यांना जिना उतरणे जड जाते ती माणसे खुर्चीतच बसून राहिली. मला सर्वांत जास्त लागले ते हेच. अंक संपल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलावेसे वाटणे हा नाटक पाहण्याचाच भाग आहे असे मी मानते, आणि त्यासाठी जी जागा असते तिच्याकडे व्यवस्थापन केवळ विक्रीची जागा म्हणून पाहते.

नाट्यगृह चालू ठेवून असे काम करता येत नाही, असे मुळीच नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने आपला दर्शनी भाग, बार आणि उपाहारगृहे यांचे मोठे काम २०१८ मध्ये पूर्ण केले, आणि त्या काळात मुख्य रंगमंचावरचे प्रयोग चालूच होते. तुम्ही अशा काळात काहीही पाहिले असेल, तर काय सोसावे लागले आणि कोणी काय नीट केले, ते दोन्ही लिहावे.

मधलीरांग

आवाजाबद्दल इतर लिहितीलच, मी खाण्याबद्दल लिहितो. वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांचे जेवण ठरलेल्या वेळी व्हावेच लागते. उपाहारगृह बंद होते आणि त्याऐवजी जे टेबल मांडले होते, त्यावर फक्त गोड पदार्थ आणि शीतपेये होती. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई असल्याची पाटी मात्र जागच्या जागी होती. दारावरच्या मुलाने डबा पाहिला, वडिलांकडे पाहिले आणि आम्हांला आत सोडले, म्हणून वेळ निभावली. स्वतःची सोय बंद असेल तोवर हा नियम व्यवस्थापनाने शिथिल केलाच पाहिजे, ते दारावरच्या माणसाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही.

पडद्यामागून

मी रंगमंच व्यवस्थापनाचे काम करते, म्हणून विंगेतली बाजू सांगते. बारचे छत उतरवले तेव्हा त्यातले ध्वनिवर्धकही उतरवले गेले आणि मध्यंतर संपल्याची घंटा तात्पुरत्या जागेत पोहोचेनाशी झाली. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, पडदा उघडला, आणि तरीही माणसे अंधारात खुर्च्या शोधत आत येत होती. पहिल्या काही प्रयोगांना कलाकारांनी दुसऱ्या अंकाची सुरुवात अक्षरशः पावलांच्या आवाजात केली. त्यानंतर आम्ही हातात घंटा देऊन दोन माणसे बाहेर उभी केली आणि प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला. जर्मनीतील बायरॉइटच्या ऑपेरा महोत्सवात अंक सुरू होण्याआधी वादक सज्जात येऊन तुताऱ्या वाजवतात, पंधरा मिनिटे आधी एकदा, दहा मिनिटे आधी दोनदा आणि पाच मिनिटे आधी तीनदा, आणि कितीही दूर गेलेला प्रेक्षक वेळेवर परततो. विजेच्या यंत्रणेवाचून हे होऊ शकते.

मध्यंतराच्या लांबीचाही विचार आधी व्हायला हवा. जिथे तीन खिडक्यांवर विक्री होत होती तिथे एकच उरली, तर पंधरा मिनिटांचे मध्यंतर पंधरा मिनिटांत संपणे शक्य नसते. ते पंचवीस मिनिटांचे आहे असे आधीच छापावे. लोक त्या हिशेबाने घरी जायचे ठरवतात.

सांजवात

घरी जाण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमची शेवटची बस अशाच लांबलेल्या मध्यंतरामुळे चुकली आणि नाटकाचा शेवट मी घड्याळाकडे पाहत पाहिला. शेवट काय होता हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मधलीरांग

सांजवात, तुमचे दुःख पूर्ण समजते. शेवट कळावा म्हणून मी त्याच तिकिटावर पुन्हा प्रवेश मागितला असता.

सांजवात

मागितला होता. उपाहारगृहाच्या कामाचा आणि तिकिटाचा संबंध नाही, असे उत्तर मिळाले.

मोजपट्टी

मी बांधकामाच्या बाजूचा आहे आणि चालू नाट्यगृहांमध्ये अशी कामे केली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हवेतून येणारा आवाज जड दारे बंद केली की बराचसा अडतो, परंतु स्लॅबवर ब्रेकर (काँक्रीट फोडणारे यंत्र) किंवा हॅमर ड्रिल चालले की त्याचा कंप बीम आणि कॉलममधून प्रवास करतो आणि दोन मजले पलीकडच्या भिंतीतून आवाज होऊन बाहेर पडतो. उत्तररंग, तुम्हांला ड्रिल भिंतीत असल्यासारखे वाटले ते यामुळेच. ते प्रत्यक्षात बरेच दूर असू शकते. कितीही पडदे आणि आडोसे लावले तरी यावर उपाय होत नाही. उपाय एकच, की प्रयोगांचे वेळापत्रक कंत्राटातच जोडायचे, दुपारचे प्रयोग आणि तालमी धरून, आणि तोडफोड फक्त मोकळ्या वेळेत करायची. स्लॅबला भोक पाडायचे असेल तर ठोकण्याऐवजी कोअर कटिंग करावे, म्हणजे पोकळ गोल पात्याने फिरवत कापावे, त्याचा हादरा खूप कमी असतो.

धुळीचे तसे नाही, ती अडवता येते. नुसते प्लॅस्टिक लटकवले तर दार उघडझाप झाले की ते श्वास घेतल्यासारखे हलते आणि प्रत्येक वेळी धूळ बाहेर फेकते. जमिनीपासून मूळ छतापर्यंत पक्का आडोसा हवा, फॉल्स सीलिंगपाशी थांबलेला नको, कारण धूळ वरच्या पोकळीतून पलीकडे जाते. कामाच्या बाजूची हवा पंख्याने बाहेर ओढून तिथला दाब कमी ठेवला, तर फटीतून हवा आत जाते, बाहेर येत नाही. वातानुकूलन यंत्रणेची परतीची जाळी, म्हणजे खोलीतली हवा यंत्रणेत परत ओढणारी जाळी, मात्र हमखास विसरली जाते. ती कामाच्या जागेत उघडी राहिली तर बारमधली धूळ आणि रंगाचा वास यंत्रणा स्वतःच प्रेक्षागृहात पोहोचवते. दरवाजे बंद असूनही प्रकाशझोतात धूळ तरंगताना दिसली, तर आधी ती जाळी पाहावी.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. धुळीने खोटा इशारा होऊ नये म्हणून कामाच्या जागेतील धूर ओळखणाऱ्या उपकरणांवर टोप्या चढवतात. त्या टोप्या संध्याकाळी प्रेक्षक येण्यापूर्वी मोजून काढायच्या असतात. शेवटच्या कामगाराने घरी जाण्याआधी प्रत्येक टोपी मुकादमाच्या हातात द्यावी आणि मुकादमाने वहीत सही करावी, ही पद्धत मी कधी मोडू दिली नाही.

जुनीतिकिटे

मोजपट्टी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. बार्सिलोनाचे लिसेऊ हे ऑपेरागृह ३१ जानेवारी १९९४ रोजी जळाले ते पोलादी सुरक्षा पडद्याची दुरुस्ती चालू असताना उडालेल्या ठिणग्यांनी, आणि ते पुन्हा उघडायला १९९९ साल उजाडले. व्हेनिसचे ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह १९९६ मध्ये नूतनीकरणासाठी बंद असतानाच जळाले. ती आग मात्र लावलेली होती आणि तिथे काम करणाऱ्या दोन वीजतंत्र्यांना शिक्षा झाली. दोन्ही वेळा आत प्रेक्षक नव्हते. शिकागोच्या इरोक्वॉइस थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ च्या दुपारी ते होते. ते थिएटर उघडून सहा आठवडेही झाले नव्हते, अग्निशमनाची साधने अपुरी होती, बाहेर पडण्याची कित्येक दारे कुलूपबंद किंवा पडद्यांआड होती, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ होती.

म्हणून बाहेर पडायची वाट कामाच्या जागेतून जात असेल, तर मी प्रयोगाआधी ती स्वतः चालून पाहतो. एकदा त्या वाटेवर नव्या बारच्या संगमरवरी लाद्या रचून ठेवलेल्या होत्या. मी व्यवस्थापकांना बोलावून दाखवल्या आणि त्या हलवल्याखेरीज जागेवर बसलो नाही.

नीलरेषा

मला दम्याचा त्रास आहे. रंगाच्या वासामुळे मला पहिल्या अंकातच बाहेर यावे लागले, आणि तेव्हा मला सांगण्यात आले की रंग आदल्या दिवशीच वाळला आहे. मोजपट्टी, असे शक्य आहे का?

मोजपट्टी

रंग हाताला कोरडा लागतो तेव्हाही त्यातून बाष्प निघतच असते, आणि पहिल्या काही दिवसांत ते सर्वाधिक असते. लाकडी काउंटरवरचे पॉलिश आणि फरशीखालचा चिकटपदार्थ याहून जास्त त्रास देतात. तुमची तक्रार रास्त होती. कमी बाष्प सोडणारे रंग मिळतात, आणि ते वापरले तरी मोकळी हवा खेळवण्यासाठी प्रयोगाविना काही दिवस ठेवावे लागतात.

काउंटरपलीकडून

मी नाट्यगृहाच्या बारमध्ये काम करतो. आमच्यावर रागावलेल्या प्रेक्षकांना दोष देत नाही, पण आमची बाजूही कळावी. तात्पुरत्या टेबलाला नळ नसतो, सांडपाण्याची वाट नसते आणि बर्फाचे यंत्रही नसते. पाण्याच्या बादल्या आणि बर्फाचे डबे आम्ही जिन्याने वर नेत होतो, आणि अंक चालू असताना एकही बाटली दुसऱ्या बाटलीवर आपटू नये म्हणून प्रत्येक खणात फडकी भरत होतो. स्वयंपाकघराचे आणि प्रसाधनगृहाचे नळ एकाच मुख्य वाहिनीवर होते, त्यामुळे स्वयंपाकघराचे पाणी तोडले तेव्हा प्रसाधनगृहेही बंद पडली, आणि तो राग काउंटरवर आमच्या वाट्याला आला.

मध्यंतरासाठीची मागणी प्रयोगाआधीच नोंदवून घेणे हा सर्वांत उपयोगी उपाय ठरला. चिठ्ठीवर नाव, खाली पेला, आणि माणूस रांगेत न थांबता आपला पेला उचलून जातो. काम संपल्यावरही आम्ही ते चालू ठेवले.

चाकांवरून

मी चाकाच्या खुर्चीवरून येते. काम सुरू झाल्यावर प्रेक्षकांच्या लिफ्टमधून सिमेंटच्या गोण्या जाऊ लागल्या आणि मला मालाच्या दारातून आत आणले गेले. मदत करणारी माणसे चांगली होती, तरीही माझ्या मैत्रिणी मुख्य दाराने आत गेल्या आणि मी कचऱ्याच्या डब्यांशेजारून, हे मी विसरलेली नाही. तात्पुरते काउंटर छातीच्या वर होते आणि खालच्या उंचीवर एकही फळी नव्हती, त्यामुळे मागायचे तेही दुसऱ्याने. नवा बार उघडला तेव्हा त्यात बुटका काउंटर आहे हे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. तो आनंदाचा भाग आहे, पण मधले वर्षही आमच्या आयुष्यातलेच होते.

दक्षिणद्वार

माझे मत थोडे वेगळे आहे. अर्धवट चालू ठेवण्यापेक्षा पूर्ण बंद करावे. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाने २००२ ते २००४ या काळात आपले प्रयोग आर्चिम्बोल्दी या दुसऱ्या नाट्यगृहात हलवले आणि मूळ इमारत कामासाठी मोकळी केली. प्रेक्षकाला निदान अखंड प्रयोग मिळतो.

पडद्यामागून

दक्षिणद्वार, ज्यांच्याजवळ दुसरे नाट्यगृह आहे त्यांना ते शक्य होते. लहान संस्थांचे प्रयोग बंद पडले तर तंत्रज्ञांना कामच राहत नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१३ मध्ये आपले सर्वांत लहान प्रेक्षागृह बंद केले तेव्हा आवारातच एक तात्पुरते लाकडी थिएटर उभारले, दर्शनी भागातील कामे टप्प्याटप्प्याने केली आणि बाकीचे रंगमंच चालू ठेवले. टप्पे नीट पाडले तर एका वेळी इमारतीची एकच बाजू अडते. आमच्याकडे मुख्य बार बंद होता तेव्हा वरच्या मजल्यावरचा छोटा कक्ष मुद्दाम हात न लावता ठेवला होता, आणि तिथे विक्री न करता नुसत्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्याबद्दल जितके आभार मिळाले तितके नव्या बारबद्दलही मिळाले नाहीत.

स्पर्शरेषा

मला फार थोडे दिसते. नेहमीचे नाट्यगृह मी पायांनी ओळखते : दारापासून गुळगुळीत फरशी, मग गालिचा, मग बारच्या काउंटरची पितळी कड हाताला लागते आणि तिथून उजवीकडे वळले की माझे दार. काम सुरू झाले तेव्हा गालिच्यावर प्लायवुड अंथरले होते आणि ती पितळी कड नव्हती. मी भर गर्दीत उभी राहिले आणि मला कुठल्या बाजूला तोंड करून उभी आहे हेही कळेना.

पडद्यामागून

स्पर्शरेषा, पुढच्या महिन्यात आमच्याकडे दुसऱ्या टप्प्याचे काम सुरू होत आहे. दारावरच्या माणसांना मी नेमके काय सांगावे?

स्पर्शरेषा

विचारलेत हे फार बरे केले. तिकीट काढतानाच बदललेली वाट शब्दांत कळवावी, नकाशाचे चित्र मला उपयोगी नाही. एक माणूस रोज ठरलेल्या एकाच जागी उभा ठेवावा आणि त्याने आधी बोलावे, न विचारता दंड धरू नये. आडोशाच्या कडांना गडद आणि उजळ अशी पट्टी लावली तर ज्यांना थोडे दिसते त्यांना ती पुरते. आडोसा पेलणारे लोखंडी पाय बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नयेत, काठीला ते उशिरा लागतात आणि नडगीला आधी. आणि वाट पुन्हा बदलली, तर तेही त्याच दिवशी कळवावे.