घाटात जादा वजनाचं पेट्रोल किती?
"चार माणसं वाढली तरी घाटात ॲव्हरेज तेवढंच," असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. वाई-पाचगणीची चढण घ्या, उंचीतला फरक साधारण ६०० मीटर. १०० किलो जादा वजन तेवढं वर न्यायला सुमारे ०.६ मेगाज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमधून चाकांपर्यंत जेमतेम ८ मेगाज्यूल पोचते, म्हणजे दर १०० किलोमागे ७०-७५ मिली. माणसं नि सामान मिळून ३०० किलो झालं की पाव लिटरच्या आसपास गेलंच. उतरताना ते सगळं परत मिळत नाही, बरंचसं ब्रेक तापवण्यात जातं. आणि उतारावर न्यूट्रल नकोच: गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की फ्युएल इंजेक्शनच्या (इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या) गाडीत पेट्रोल बंद होतं, न्यूट्रलमध्ये इंजिन नुसतं चालू ठेवण्यापुरतं (आयडलिंग) जळतच राहतं.