मदत हवी आहे: ब्लूस्कायच्या मराठी फीडमधून हिंदी पोस्ट कशा गाळू?

ब्लूस्काय या सोशल मीडिया ॲपवर २०२३ पासून कुणालाही स्वतःची फीड (पोस्टची यादी) बनवता येते, म्हणजे आपल्याला काय दिसावं ते आपणच ठरवायचं, आणि मला ही गोष्ट खरंच फार मोठी वाटते. तर मी फक्त मराठी पोस्टची फीड करतोय, पायथनमध्ये, जेटस्ट्रीमवरून (ब्लूस्कायच्या नव्या पोस्टचा थेट प्रवाह) पोस्ट घेऊन.

पोस्टला भाषेचा टॅग असतो पण तो लिहिणाऱ्याच्या सेटिंगवरून लागतो, आणि बरेच जण ते इंग्रजीवरच ठेवतात. म्हणून टॅग सोडून नुसती देवनागरी तपासली, तर हिंदी-नेपाळीचा लोंढा आला. मग 'ळ' आणि 'आहे', 'आणि', 'नाही' अशा शब्दांची यादी लावली. लांब पोस्ट बरोबर येतात, 'काय भारी पाऊस!' मात्र निसटते. 'ळ'मुळे कोकणीपण येते, ती आली तर मला आनंदच आहे. भाषा ओळखणारं एक तयार मॉडेल लावून बघितलं, ते चार शब्दांच्या पोस्टला सरळ हिंदी म्हणतं.

रोमन लिपीतलं मराठी सध्या नको. सर्व्हर छोटा आहे, १ जीबी रॅम, जीपीयू नाही, पेड एपीआय परवडणार नाही. चुकून दोन-चार हिंदी आल्या तरी चालतील पण मराठी सुटायला नको.

तर पाच शब्दांच्या आतल्या पोस्टसाठी '-ला', '-च्या', '-मध्ये' अशा प्रत्ययांचे नियम पुरतील की अक्षरांच्या तुकड्यांवर छोटं मॉडेल शिकवावं लागेल, आणि शिकवायचं तर बोलण्यातल्या मराठीचा मोकळा वापरता येईल असा डेटा कुठे मिळेल?