मुलींची रेस, गालातली टेस्ट आणि सोसायटीचा ग्रुप

विलासकाका (ए-१०१): हा व्हिडिओ बघा सगळ्यांनी. पॅरिस ऑलिंपिकचं बॉक्सिंग, इटलीच्या मुलीनं ४६ सेकंदांत मॅच सोडली आणि रडत बाहेर आली. पुरुष बायकांच्या स्पर्धेत घुसून मेडल नेतात हे किती वर्ष चालायचं? आता धावण्याच्या स्पर्धांत बायकांच्या गटात उतरणारी खरंच बाई आहे का हे बघायला गालातून नमुना घेऊन करायची जनुकीय टेस्ट कंपल्सरी केलीये म्हणे, उत्तम झालं. वैशाली, तुझी लेक पळते ना, तिच्या फायद्याचंच आहे हे.

ओंकार (बी-५०१): काका एकदम बरोबर. हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

वैशाली (बी-३०४): काका, टेस्टवर बोलते, पण आधी त्या व्हिडिओचं. त्यातली इमान खलीफ ट्रान्स नाहीये हो. अल्जेरियात मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, पासपोर्टवर पण मुलगीच. २०२३ मध्ये आपल्या दिल्लीत वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, तिथून आयबीएने, म्हणजे तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेनं, तिला आणि तैवानच्या लिन यू-तिंगला मधूनच बाहेर काढलं, त्याच वर्षी ऑलिंपिक कमिटीनं त्या आयबीएचीच मान्यता काढून घेतली, आणि पॅरिसला दोघींनी गोल्ड घेतलं. "पुरुष घुसला" असं लिहून व्हिडिओ फिरवायचा म्हणजे एका पोरीची जगभर बदनामी, आणि ते आपल्या ग्रुपवर नको असं मला मनापासून वाटतं.

विलासकाका (ए-१०१): अगं पण मग टेस्ट कशाला आणली त्यांनी? काहीतरी असेलच ना.

ओंकार (बी-५०१): ताई व्हिडिओचं सोडा, मुद्दा सोडू नका. तुमची मुलगी ८०० मीटर पळते म्हणून ८०० चंच सांगतो. पुरुषांचं रेकॉर्ड केनियाच्या रुदिशाचं, लंडन २०१२, १ मिनिट ४०.९१ सेकंद. बायकांचं १ मिनिट ५३.२८, ते १९८३ पासून कोणाला मोडता आलेलं नाही. १२ सेकंदांच्या वर फरक आहे. जगातली सगळ्यात फास्ट बाई पुरुषांच्या फायनलच्या लाइनवर सुद्धा उभी राहू शकणार नाही, कॉलेजच्या मुलांच्या रेसमध्ये पण तिचं कठीण आहे. म्हणून तर वेगळी कॅटेगरी केली ना? मग तिला दार नको का?

वैशाली (बी-३०४): दार हवंच. यात माझं तुझ्याशी काहीच भांडण नाही ओंकार. पोरगी पहाटे ५ ला उठून ट्रॅकवर जाते ती कॅटेगरी आहे म्हणूनच जाते. माझं भांडण दारावर उभं राहून काय करतात त्याच्याशी आहे.

प्रसाद (सी-२०२): मला एक कळत नाही, उंच माणूस बास्केटबॉलमध्ये जिंकतो तेव्हा कोणी म्हणत नाही याची उंची अनफेअर आहे. स्विमर फेल्प्सचे हात लांब, त्याला कोणी थांबवलं नाही. मग एखादीच्या शरीरात निसर्गतःच टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जास्त असेल तर तिला का थांबवायचं? तिनं काय इंजेक्शन घेतलंय का

ओंकार (बी-५०१): प्रसाददादा कारण उंचीची कॅटेगरी नाहीये. ज्या गोष्टीसाठी कॅटेगरी पाडली तीच गोष्ट "निसर्गाची देणगी" म्हणून आत घेतली तर कॅटेगरीचा अर्थ काय उरला? बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट आहेत, तिथं ८० किलोचा माणूस म्हणू शकतो का की माझं वजन नैसर्गिक आहे, मला ६० मध्ये खेळवा.

डॉ. अनघा (सी-६०२): आत्ता ओपीडी संपली. दोन गोष्टी इथं मिक्स होतायत त्या वेगळ्या करू. एक ट्रान्स महिला, म्हणजे पुरुष म्हणून वयात आलेल्या आणि नंतर बदल केलेल्या. वर्ल्ड ॲथलेटिक्सनं, म्हणजे ॲथलेटिक्सच्या जागतिक फेडरेशननं, मार्च २०२३ मध्येच त्यांना महिला गटातून वगळलंय. दुसरं, डीएसडी, म्हणजे जन्मतःच लिंगविकासात वेगळेपण असणाऱ्या मुली. बाहेरून मुलगी, घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवलेली, पण गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे पुरुषांची असतात तशी. यातल्या कित्येकींना स्वतःलाच माहीत नसतं, पाळी येत नाही म्हणून सोळाव्या सतराव्या वर्षी आमच्याकडे आणतात तेव्हा कळतं. आतापर्यंत जेवढ्या आया समोर बसल्यात त्यांचा पहिला प्रश्न "लग्नाचं काय" हा असतो, आणि पोरगी शेजारी खाली मान घालून बसलेली असते. हे सगळं एखादीला स्टेडियमवर कळलं तर काय होत असेल याचा विचार करा.

आता नवीन टेस्ट. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली, टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपपासून. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा किंवा थोडं रक्त, आणि एसआरवाय जीन आहे का बघायचं. आयुष्यात एकदाच. हा जीन साधारण वाय गुणसूत्रावर असतो आणि गर्भात वृषण तयार व्हायचा आदेश देतो. टेस्ट सोपी आहे, अर्थ लावणं सोपं नाही. १९९० मध्ये ज्यांनी हा जीन शोधला त्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच जाहीर लिहिलंय की ही टेस्ट फक्त जीन आहे की नाही एवढंच सांगते, तो काम करतो का, शरीर त्या हार्मोनला दाद देतं का, हे नाही सांगत. काही मुलींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन भरपूर असतं पण पेशी त्याला अजिबात प्रतिसाद देत नाहीत. त्यांना नव्या नियमातही सूट आहे, म्हणजे पॉझिटिव्ह आल्यावर पुढच्या तपासण्या आल्याच. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ जणींची टेस्ट झाली, ८ पॉझिटिव्ह आल्या आणि आठही जणींना खेळू दिलं. त्यानंतर ऑलिंपिक कमिटीनं सरसकट टेस्ट बंदच केली, ती आता परत आलीये.

विलासकाका (ए-१०१): म्हणजे आधी पण टेस्ट होती? मला वाटलं नवीनच आहे.

डॉ. अनघा (सी-६०२): काका १९६६ मध्ये तर बुडापेस्टला युरोपियन स्पर्धेत बायकांना कपडे काढून डॉक्टरांच्या पॅनेलसमोर उभं केलं होतं. १९६८ च्या मेक्सिकोपासून गालाच्या पेशी बघायला लागले. स्पेनची मारिया होझे मार्टिनेझ-पाटिन्यो, हर्डल्सची खेळाडू, १९८५ मध्ये जपानात कोबेला तिच्या टेस्टमध्ये एक्सवाय निघालं. तिला सांगितलं, दुखापत झाली असं सांग आणि गप्प बाजूला हो. तिथं तिनं ऐकलं, पण मायदेशी परत तेच सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, पळली, बातमी फुटली. स्कॉलरशिप गेली, रेकॉर्ड खोडले, ठरलेलं लग्न मोडलं. आणि तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला दाद देणारं नव्हतंच! तीन वर्षांनी, १९८८ मध्ये परत परवानगी मिळाली. तोवर उमेदीची वर्षं गेली ना.

माधुरीकाकू (ए-४०३): मी शाळेत ३० वर्षं पीटी शिकवलं म्हणून हे बोलते. तुम्ही सगळे ऑलिंपिकचं बोलताय, मी जिल्ह्याच्या मीटचं सांगते. केस बारीक कापलेली, छाती सपाट, आवाज जरा जाडा, आणि ती जर पहिली आली की स्टँडमधून दुसऱ्या मुलींचे आईबाप ओरडणार "मॅडम, हिला चेक करा." मी स्वतः ऐकलंय, एकदा नाही कितीतरी वेळा. एकदा एक बाप पंचांपर्यंत गेला आणि पंचानं मला बाजूला घेऊन विचारलं, मॅडम जरा आत नेऊन बघता का. मी म्हटलं तुमच्या मुलीला आधी आणा मग हिला नेते. ती पोर माझ्या मागे उभी होती, चौदा वर्षांची, पायात स्पाइक्स पण उसने घेतलेले. तिनं सगळं ऐकलं. पुढच्या वर्षी आलीच नाही. सातारा सोलापूरकडच्या शेतात राबणाऱ्या पोरींचे खांदे रुंद असतात, हात राठ असतात, त्यांच्याकडेच बोट दाखवतात. मऊ गोऱ्या मुलीला कधी कोणी म्हटलेलं मी बघितलं नाही.

वैशाली (बी-३०४): काकू हेच. हेच मला सांगायचं होतं.

माझी लेक आता उंच झालीये, आवाज पण तिच्या बाबांसारखा. मागच्या मीटला तिच्या मैत्रिणीची आई हसत हसत म्हणाली "मुलगाच वाटतो गं हा", मी पण हसले, पण घरी येईपर्यंत पोरगी गाडीत एक शब्द बोलली नाही. म्हणून मी शांती सौंदराजनबद्दल शोधून शोधून वाचलं. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली, आईबाप वीटभट्टीवर. २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये ८०० ला सिल्व्हर. मग टेस्टला नेलं, कशाची टेस्ट आहे हे तिला नीट कोणी सांगितलं नाही, तिची भाषा बोलणारं जवळ कोणी नव्हतं, आणि निकाल तिला समजावून सांगण्याआधी टीव्हीवर. मेडल काढून घेतलं. पुढं ही एशियन मेडलिस्ट वीटभट्टीवर रोजंदारीनं काम करत होती. कोच म्हणून सरकारी नोकरी मिळायला दहा वर्षं गेली. आता सांगा, तिनं कोणाला फसवलं? डोपिंगवाल्यावर दोन चार वर्षांची बंदी येते आणि तो परत येतो, हिनं काहीच केलं नव्हतं आणि हिचं सगळं गेलं.

दुती चंदचं २०१४ ला तेच होत होतं. ओडिशाच्या विणकराच्या घरातली, ग्लासगो कॉमनवेल्थच्या तोंडावर टीममधून नाव काढलं, पेपरात छापून आलं. फरक एवढाच की तिच्यामागे माणसं उभी राहिली, पयोष्णी मित्रांसारख्या अभ्यासक होत्या, साईनं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणानं, पण साथ दिली, ती स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेली आणि २०१५ मध्ये लवादानं तो नियमच स्थगित केला, म्हणाले टेस्टोस्टेरॉन जास्त असल्यानं नक्की किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा तुम्ही दिलेला नाही. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये १०० आणि २०० दोन्हीत सिल्व्हर आणलं तिनं.

ओंकार (बी-५०१): दुतीवर नंतर डोपिंगची ४ वर्षांची बंदी आली हे पण लिहा.

वैशाली (बी-३०४): आली, २०२३ ला, आणि ती योग्यच. तो वेगळा गुन्हा आहे. त्यानं २०१४ चं वागणं बरोबर ठरत नाही.

ओंकार (बी-५०१): मान्य. पण ताई तुम्ही नेहमी जिला काढलं तिचीच गोष्ट सांगताय. रिओ २०१६, ८०० ची फायनल बघा. दक्षिण आफ्रिकेची सेमेन्या, बुरुंडीची नियोनसाबा, केनियाची वांबुई, पहिल्या तिन्ही. पुढं डीएसडीचा नियम आला त्यात तिघीही अडकल्या. चौथी आली कॅनडाची मेलिसा बिशप. तिचं ऑलिंपिक मेडल कुठंय? तिनं पण आयुष्य दिलं ना ट्रॅकला, ती पण कोणाची तरी लेक आहे. तिच्यावर कोणी लिहीत नाही, तिचं नाव पण कोणाला माहीत नाही. उद्या तुमची लेक चौथी आली तर?

प्रसाद (सी-२०२): हा प्रश्न भारी आहे खरंच.

वैशाली (बी-३०४): भारी आहे आणि मी तो टाळणार नाही. माझी लेक अशी चौथी आली तर मी रडेन, आणि मला राग पण येईल. म्हणूनच म्हणते, रेष हवी आणि ती आधीपासून माहीत हवी. पण ओंकार, बिशपवर अन्याय झाला असेल तर तो सेमेन्यानं नाही केला, नियम करणाऱ्यांनी केला. २००९ ला बर्लिनमध्ये सेमेन्या १८ वर्षांची होती. फायनलच्या काही तास आधी फेडरेशननं जगजाहीर केलं की हिची टेस्ट मागवलीये. मग ११ महिने बाहेर, मग गोळ्या खाऊन टेस्टोस्टेरॉन कमी कर, मग २०१५ ला गोळ्या नकोत, २०१८ ला परत हव्यात, तेही फक्त ४०० मीटर ते १ मैलाच्या शर्यतींना, मग २०२३ ला सगळ्याच शर्यतींना आणि टेस्टोस्टेरॉनची मर्यादा लिटरला ५ नॅनोमोलवरून २.५ वर. एका मुलीच्या करिअरमध्ये इतक्या वेळा रेष हलवली. जुलै २०२५ ला युरोपच्या मानवाधिकार कोर्टानं सांगितलं की स्वित्झर्लंडच्या कोर्टात तिची बाजू जेवढ्या काटेकोरपणे तपासायला हवी होती तेवढी तपासली नाही. निकाल तिच्या बाजूनं लागला तेव्हा ती ३४ वर्षांची. आता काय पळणार?

डॉ. अनघा (सी-६०२): आणि ज्या २०१७ च्या अभ्यासावर तो ४०० ते मैलाचा नियम उभा होता, त्यावर २०२१ मध्ये त्याच लेखकांनी दुरुस्ती छापली की यातून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही. तोवर नियमाला तीन वर्षं झाली होती. ओंकार, पुरुषी वयात येण्यानं ताकद वाढते याबद्दल मला डॉक्टर म्हणून शंका नाही, पण प्रत्येक डीएसडीत ती किती वाढते हे वेगवेगळं आहे.

ओंकार (बी-५०१): म्हणूनच तर गालाची टेस्ट बरी ना मॅडम? सगळ्यांची सरसकट. कोण पुरुषी दिसतं बघून बोट दाखवायचं नाही. काकूंनी सांगितलं ते त्यानं बंद होईल.

माधुरीकाकू (ए-४०३): हे मात्र खरंय. सगळ्यांची असेल तर एकीला वेगळं काढलं असं होत नाही.

वैशाली (बी-३०४): हो, हे मला पण पटतं, संशयावरून एकीला उचलण्यापेक्षा सरसकट बरी. पण निकाल आल्यावर काय? सगळ्या जणी टीममध्ये असतात आणि एक अचानक "दुखापतीमुळे" परत येते, गावाला कळायचं राहतं का? म्हणून माझं म्हणणं, टेस्ट करायचीच असेल तर विमानात बसायच्या आधी करा, घराजवळ, पोरीला आणि आईबापाला त्यांच्या भाषेत समजावून, संमती घेऊन. निकाल डॉक्टर आणि ती यांच्यातच राहू दे, असोसिएशनच्या ऑफिसात फाइल नको. आणि पॉझिटिव्ह आली तर तिथं सोडून देऊ नका, पुढच्या तपासण्यांचा आणि अपिलाचा खर्च फेडरेशनचा, वीटभट्टीवाल्याचा नाही. फ्रान्समध्ये कायद्यानंच अशा जनुकीय टेस्टला मनाई आहे, तिथल्या मुलींना ही टेस्ट देशाबाहेर जाऊन करावी लागली. आपल्याकडे कागदावर सही घेतात आणि कशावर घेतली ते कोणी सांगत नाही.

विलासकाका (ए-१०१): व्हिडिओ डिलीट केलाय. पण टेस्ट हवी या मताचा मी आहे अजून. वैशाली, आपल्या पोरीला आत्ता द्यावी लागणार का ही?

डॉ. अनघा (सी-६०२): नाही काका, नियम जागतिक रँकिंगच्या स्पर्धांचा आहे, जिल्हा राज्याच्या शालेय मीटला लागू नाही. पण म्हणूनच आत्ताच बोलायला हवं, मुली लहान आहेत तोवर. पाळी वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत आली नाही तर "खेळते म्हणून उशीर" म्हणत थांबू नका, दाखवा. खेळामुळे पण उशीर होतो, पण ते तपासूनच ठरवायचं. वैशाली, ट्रॅकवर येणाऱ्या आयांना बोलव, रविवारी ८ नंतर मी येते, मुलींना वेगळं बसवू.

माधुरीकाकू (ए-४०३): आणि मी जिल्हा असोसिएशनला पत्र लिहिते, मीटमध्ये कोणी कोणाच्या मुलीवर तोंडी संशय घेतला तर पंचानं त्या मुलीला हात लावायचा नाही, लेखी तक्रार घ्यायची आणि तक्रार करणाऱ्याचं नाव त्यात हवं. नावानिशी लिहायची वेळ आली की निम्मे गप्प बसतील.

ओंकार (बी-५०१): काकू माझी सही घ्या त्यावर. बिशपबद्दल माझं मत तेच आहे, पण यावर सही घ्या.