मदत हवी आहे: बाबांना पोटाच्या एन्डोस्कोपीसाठी तयार कसं करावं?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहते, आई-बाबा ठाण्याला, नौपाड्यात. बाबांचं वय 68. जरा सविस्तर लिहितेय, कारण अडचण आजारापेक्षा घरातल्या समजुतींची जास्त आहे.

गुडघेदुखीसाठी बाबा बरीच वर्षं डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी घेत होते, औषधांच्या दुकानातून परस्पर आणून. यंदाच्या पावसाळ्यापासून बेंबीच्या वर जळजळ होते, चार घास खाल्ले की पोट भरतं, पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आहे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.6. पुरुषांचं 13 च्या खाली गेलं की कमी धरतात. त्यांनी गुडघ्याची गोळी त्याच दिवशी बंद केली आणि दुर्बिणीची तपासणी (एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघणं) लवकरात लवकर करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी आईने फ्रिजवर लावून ठेवलीय. बाबा मात्र "अगं, पित्त आहे ते. आमच्या घराण्यातच आहे," म्हणून विषय संपवतात.

तलावपाळीवर संध्याकाळी बसणारं त्यांचं मित्रमंडळ आहे. माणसं जिवाभावाची आहेत, पण सल्ले तिथूनच येतात. रात्री थंड दूध प्या, तिखट सोडा, चूर्ण घ्या. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं हे खरंच आहे. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पोटाला पुन्हा आम्ल तयार करायला लावतात, त्यामुळे रात्री दीड-दोनला जळजळीने पुन्हा जाग येते. मग आई उठून आणखी एक पेला दूध देते.

तिखटाचं तर बाबांनी फारच मनावर घेतलंय. तरुणपणी मिसळ खाल्ली त्याची ही फळं, असं त्यांना मनापासून वाटतं. डॉक्टरांनी समजावलं की तिखटाने आधीचा त्रास वाढू शकतो, पण पोटात जखम, म्हणजे अल्सर, होण्याची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि दुखण्यावरच्या गोळ्या. जिवाणूचं नाव काढलं की बाबा हसतात. एवढ्या आम्लात जिवाणू जगेलच कसा, म्हणतात. हीच शंका एकेकाळी डॉक्टरांनाही होती. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं आणि त्यांच्या जठराला सूज आली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. बाबांना वाचनाची आवड आहे, म्हणून हे सगळं मी मोठ्या अक्षरात छापून दिलं. वाचलं, आवडलंही. पण "ते तिकडे ऑस्ट्रेलियात."

गोळ्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं की, मी कधीच रिकाम्या पोटी घेतली नाही, मग पोटाला कशी लागेल? हा गैरसमज अनेक घरांत असेल, म्हणून मुद्दाम लिहिते. गोळी नुसती आतल्या अस्तराला चिकटून जखम करते असं नाही. अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीर बनवतं, आणि या गोळ्या रक्तात जाऊन तीच कमी करतात. म्हणून जेवणानंतर घेतली तरी धोका राहतो, इंजेक्शनने घेतली तरी राहतो.

मला खरी धास्ती आहे ती हिमोग्लोबिनची. आईने बीट, खजूर, डाळिंब असा रतीब लावलाय. तिची माया कळते मला. पण या वयाच्या पुरुषाचं रक्त कमी झालं तर ते पोटातून किंवा आतड्यातून कुठे झिरपतंय का, हे आधी शोधावं लागतं. रक्त थोडं थोडं जात असेल तर शौचाला डोळ्यांना काहीच दिसत नाही. "मला कुठे रक्त पडतंय?" हा बाबांचा प्रश्न म्हणूनच लागू पडत नाही. त्यात मावशीने परस्पर लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, आणि जठरात रक्तस्राव झाला तरी तो डांबरासारखा काळा होतो. म्हणजे धोक्याची खूणच झाकली जाणार. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी तपासणी होईपर्यंत त्या गोळ्या थांबवायला सांगितल्या.

चूर्णाचं थोडक्यात सांगते. रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे या हट्टापायी ते सोनामुखीचं चूर्ण घेतात. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं; नेहमीची सवय अचानक बदलली तर मात्र दाखवायला हवं. माझा चुलतभाऊ तर आतडी धुण्याच्या डिटॉक्स पॅकेजची जाहिरात पाठवतोय. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी आपोआप नवं होतं, त्याला धुण्याची गरज नसते. अशक्त माणसावर हे प्रयोग तर अजिबात नकोत.

आता मदत हवी आहे ती अशी. बाबांची खरी भीती नळीची आहे, हे आईकडून कळलं. घशात स्प्रे मारतात, सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं, प्रत्यक्ष तपासणी पाच-दहा मिनिटांत होते, हे मी सांगून पाहिलं. माझ्या तोंडून ते पटत नाही. तुमच्यापैकी कोणी, किंवा घरातल्या साठी-सत्तरीच्या कोणी ही तपासणी करून घेतली असेल तर नेमकं काय वाटलं ते लिहा. शुद्धीवर असताना केली की गुंगीचं औषध घेऊन? घसा किती वेळ बधिर राहिला? कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात कोणी केली असेल तर तारीख मिळायला किती दिवस लागले, हेही सांगा.

दुसरं असं, की पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना त्या जिवाणूची तपासणी चुकीने निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून साधारण दोन आठवडे ती थांबवतात. बाबांसारख्या, रक्त कमी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांनी काय केलं? गोळी चालू ठेवून आधी दुर्बीण आणि जिवाणूची तपासणी नंतर, असं कोणाचं झालंय का? मी स्वतःहून काही बंद करणार नाही, डॉक्टरांनाच विचारणार आहे. पण काय विचारायचं ते नीट माहीत असलेलं बरं.

आणि ज्यांनी हट्टी वडिलांना राजी केलंय त्यांनी ते कसं केलं, हे आवर्जून लिहा. रविवारी पुण्याहून भाऊ येतोय, तेव्हा आम्ही दोघं बाबांशी बोलणार आहोत. शनिवार रात्रीपर्यंत आलेले प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवेन.