प्रतिसाद : मुद्दा केवळ चेहऱ्याच्या नसेचा नाही

म्हापशाच्या ताईंनी विचारले आहे की कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे यंत्र) बसवताना भाचीचा चेहरा वाकडा होण्याची भीती कितपत खरी आहे. हा धोका विरळ असला तरी भीती निराधार नाही, कारण कानामागच्या हाडातून मध्यकर्णात शिरण्याची वाट चेहऱ्याची नस आणि चवीची बारीक नस यांच्यामधून, जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची असते. म्हणून ड्रिल चालवताना पाण्याची धार सतत सोडावी लागते. नसेला न स्पर्शताही ड्रिलच्या फिरत्या दांड्याची उष्णता तिला इजा करू शकते. नसेवर मॉनिटर (नस डिवचली गेली की चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल टिपून इशारा देणारे यंत्र) लावला असेल, तर भूलतज्ज्ञ स्नायू शिथिल करणारे औषध त्या टप्प्यात टाळतात, अन्यथा मॉनिटर मुकाच राहील.

चवीच्या नसेकडे मात्र आपण सगळेच दुर्लक्ष करतो. ती जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव वाहते. माझ्या मामेभावाला शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे सोलकढीसुद्धा लोखंडासारखी लागत होती.

भाचीला थोडे ऐकू येत असेल, तर इलेक्ट्रोड (इम्प्लांटची आतल्या कानात जाणारी तार) गोल खिडकीतून, म्हणजे आतल्या कानाच्या पातळ पडद्याने झाकलेल्या छिद्रातून, अगदी सावकाश सरकवणे आणि स्टिरॉइड वापरणे यांमुळे उरलेली श्रवणशक्ती टिकण्याची शक्यता वाढते, हमी मात्र मिळत नाही. बांबोळीला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखवा किंवा खासगीत, सीटी स्कॅन समोर ठेवून नसेचा मार्ग नेहमीचाच आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.