मदत हवी आहे: कळकलेली काडतुसं वापरावीत का?

रत्नागिरीजवळ आंबा-काजूची बाग आहे. रानडुकरांमुळे पीक-संरक्षणाचा परवाना घेतलेला, मुदत चालू आहे. बंदूक १२ बोअरची दुनळी. चेंबर ७० मिमी, काडतुसंही ७० मिमीचीच, सीलबंद विकत घेतलेली. तेव्हा मापाचा घोळ नाही.

पावसाळ्यात कपाटाला ओल सुटली. आता काही काडतुसांच्या पितळी बुडावर हिरवट थर आलाय. कोरड्या फडक्याने पुसला. बहुतेकांचा निघाला, पण चार-पाचांच्या टोपीभोवती, म्हणजे घोडा जिथे आपटतो तिथेच, बारीक खड्डे दिसतात. ती वेगळी काढून ठेवलीत. चिंच-कोकमाने घासायचा सल्ला मिळाला, पण देवाची भांडी नव्हेत ती, ओल आत गेली तर काय? उन्हातही ठेवलेली नाहीत.

रिकामी काडतुसं पुन्हा भरायचा सल्ला कृपया नको. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि मला त्या वाटेला जायचंच नाही.

पुसून स्वच्छ झालेली काडतुसं चालतील, की सगळीच बाद धरायची? आणि खड्डे पडलेली पोलीस ठाण्यात जमा करायची की परवानाधारक विक्रेत्याकडे, आणि परवान्यावरच्या नोंदीत ती वजा कशी दाखवतात?